कॅथेटर काढायचा कोणी? डॉक्टरेट पातळीच्या नर्सिंग प्रॅक्टिसची उद्दिष्टे लिहिताना: एक प्रकरण अभ्यास

ठाणे-बेलापूर पट्ट्यातले ३०० खाटांचे एक खासगी रुग्णालय आणि त्याला जोडलेले नर्सिंग कॉलेज. एम.एस्सी. झालेल्या आणि किमान पाच वर्षे वॉर्डात काढलेल्या सिस्टर्ससाठी तिथे दोन वर्षांचा अंतर्गत कार्यक्रम आखला गेला. पदवी मिळणार नव्हती, रुग्णालयाचे प्रमाणपत्र मिळणार होते. उद्दिष्टांची पातळी मात्र अमेरिकेतल्या डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी, या अभ्यासक्रमाची ठेवायची असे ठरले. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, आणि त्यातले उदाहरण मूत्राशयात घातलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वेळेवर काढण्याचे आहे. रुग्णालय, माणसे आणि युनिटचे आकडे कल्पित आहेत. अडचणी मात्र इथल्या कुठल्याही मोठ्या आयसीयूत उद्या सकाळी भेटतील अशाच आहेत.

डीएनपी म्हणजे नेमके काय मागितले जाते

आपल्याकडे नर्सिंगमधली डॉक्टरेट म्हटली की पीएच.डी. डोळ्यांसमोर येते: विषय, गाइड, प्रबंध, व्हायवा. अमेरिकेत नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने, एएसीएनने, ऑक्टोबर २००४ मध्ये भूमिका घेतली की प्रगत प्रॅक्टिस करणाऱ्या परिचारिकांची तयारी डॉक्टरेट पातळीवर व्हावी. २००६ मध्ये त्यासाठी आठ आवश्यक बाबी ठरल्या. शास्त्रीय पाया, संस्था आणि व्यवस्था पातळीवरचे नेतृत्व, पुराव्यावर आधारित प्रॅक्टिससाठी विश्लेषण, माहिती तंत्रज्ञान, आरोग्य धोरण, इतर व्यावसायिकांबरोबरचे काम, प्रतिबंध व लोकसंख्येचे आरोग्य, आणि प्रगत नर्सिंग प्रॅक्टिस. बी.एस्सी.नंतर किमान १००० तास देखरेखीखालची प्रॅक्टिसही त्यात होती. २०२१ मध्ये मांडणी बदलली. दहा क्षेत्रे आली, प्रत्येक क्षेत्रात क्षमतांच्या दोन पातळ्या आल्या आणि प्रगत पातळीसाठी किमान ५०० तास ठेवले गेले. शेवटी विद्यार्थी प्रबंध लिहीत नाही. प्रत्यक्ष सेवेत बदल घडवणारा प्रकल्प करतो.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी पद्धतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तो पदव्युत्तर पातळीवर थांबतो, पण शिक्षणाचा भर वर्गापेक्षा खाटेजवळ असावा हे तिथेही मान्य आहे. या प्रकरणातल्या कॉलेजने नेमके हेच मान्य केले आणि कागदावर उतरवताना विसरले.

पहिला मसुदा आणि त्यातला दोष

पहिल्या मसुद्यात नऊ उद्दिष्टे होती. तीन नमुने असे:

«पुराव्यावर आधारित परिचर्येचे सखोल ज्ञान प्राप्त करणे.»
«नेतृत्वगुण विकसित करणे.»
«संसर्ग नियंत्रणातील समस्यांवर संशोधनवृत्तीने अभ्यास करणे.»

यातले एकही वाक्य चुकीचे नाही, पण यांतल्या एकाचीही तपासणी करता येत नाही. सखोल ज्ञान आले की नाही हे कोण, कशावरून, कोणत्या तारखेला ठरवणार? उद्दिष्ट इतके सैल असले की विद्यार्थी आपल्याला येत असलेल्या वाटेने जातो. आपल्या सिस्टर्सची पक्की झालेली वाट एम.एस्सी.च्या प्रबंधातून आलेली असते: एक विषय घ्या, संरचित शिक्षण कार्यक्रम करा, आधी प्रश्नावली, नंतर प्रश्नावली, गुण वाढले, टी-टेस्ट, निष्कर्ष. मेडिकल आयसीयूतल्या ज्या सिस्टरचे हे प्रकरण आहे, तिचा पहिला प्रस्ताव अगदी याच साच्यातला होता. युरिनरी कॅथेटरमुळे होणाऱ्या मूत्रमार्ग संसर्गाबद्दल, ज्याला इन्फेक्शन कंट्रोलमध्ये कॉटी म्हणतात, स्टाफच्या ज्ञानावर शिक्षण कार्यक्रमाचा होणारा परिणाम. साठ स्टाफ, तीस प्रश्न.

प्रस्तावात चूक नव्हती, पातळी चुकली होती. आयसीयूतल्या स्टाफला कॅथेटरची लघवी साठवणारी बॅग मूत्राशयाच्या खाली ठेवायची असते हे ठाऊक असते. विचारा, तीसपैकी सव्वीस गुण घेतील. आणि तोच स्टाफ सीटी स्कॅनला पेशंट हलवताना बॅग पेशंटच्या पोटावर ठेवतो, कारण ट्रॉलीला हुक नसतो. प्रश्नावलीला हा हुक दिसत नाही.

कार्यक्रम आखणाऱ्या समितीने म्हणून एकच विषय चार पातळ्यांवर ठेवून पाहिला. हा सराव कोणीही उद्दिष्टे लिहिण्याआधी करावा, अर्ध्या तासात गोंधळ मिटतो. बी.एस्सी. झालेली सिस्टर निर्जंतुक पद्धतीने कॅथेटर घालते आणि त्याची निगा राखते. एम.एस्सी. झालेली सिस्टर ते शिकवते, देखरेख करते, ऑडिट करते. पीएच.डी. करणारी व्यक्ती आजवर कोणाला माहीत नसलेले काही शोधते, उदाहरणार्थ कॅथेटर काढण्याचा निर्णय परिचारिकेकडे दिल्याने कोणत्या पेशंटमध्ये काय फरक पडतो. आणि प्रॅक्टिस डॉक्टरेटवाली सिस्टर आधीच माहीत असलेली गोष्ट शनिवारी रात्री तीन वाजता, दोन स्टाफ कमी असताना, ती स्वतः ड्युटीवर नसतानाही होईल अशी व्यवस्था उभी करते. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती असल्यावर बहुतेक ढोबळ उद्दिष्टे आपोआप गळतात.

एक उद्दिष्ट, तीन वेळा लिहिलेले

दुसऱ्या मसुद्यात क्रियापदे सुधारली. शिक्षणाची उद्दिष्टे पायऱ्यांत मांडणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणातली वरच्या पायऱ्यांची क्रियापदे आली, «विश्लेषण करेल», «मूल्यमापन करेल», «निर्मिती करेल».

«विद्यार्थिनी कॉटी प्रतिबंधाच्या पद्धतींचे विश्लेषण करून सुधारित प्रोटोकॉल तयार करेल.»

पहिल्यापेक्षा बरे, पण प्रोटोकॉल तयार करणे म्हणजे चार पानी वर्ड फाइल. ती मेट्रनच्या कपाटात जाते आणि रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या नॅबची तपासणी आली की बाहेर येते. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडची भाषा इथे कामाला येते: माहीत आहे, कसे करायचे माहीत आहे, करून दाखवते, आणि प्रत्यक्ष कामात करते. दुसरा मसुदा फार तर दुसऱ्या पायरीवर होता.

तिसरा मसुदा असा झाला:

«अठराव्या महिन्याअखेर विद्यार्थिनी आपल्या युनिटमध्ये कॅथेटरचा रोजचा आढावा आणि परिचारिकेने कॅथेटर काढण्याची स्थायी सूचना संबंधित समितीकडून मंजूर करून घेऊन तिन्ही पाळ्यांमध्ये लागू करेल, किमान २४ आठवड्यांच्या साप्ताहिक मोजमापातून बदल झाला की नाही हे स्वतः वाचून दाखवेल, आणि अनपेक्षित परिणामांसह त्याचा अर्थ युनिटच्या डॉक्टरांसमोर मांडेल. पुरावा: समितीचे इतिवृत्त, रन चार्ट (आठवड्यागणिक मोजमापाचा रेषालेख), मांडणीचे प्रत्यक्ष निरीक्षण. मूल्यमापक: क्लिनिकल मार्गदर्शक आणि बाहेरचा परीक्षक.»

लांबलचक आहे, कानाला गोड लागत नाही. पण यात कोण, काय, कोणत्या परिस्थितीत, कशावरून आणि कोणासमोर हे सगळे आहे. आणखी एक गोष्ट मुद्दाम ठेवलेली नाही: «कॉटीचा दर ५० टक्क्यांनी कमी करेल» असे त्यात लिहिलेले नाही. व्यवस्थापनाला तीच ओळ हवी होती. ती का टाळली हे पुढच्या आकड्यांवरून कळेल.

नऊ उद्दिष्टांची अशी काटछाट होत होत पाच उरली. बाकी चारही याच प्रकल्पाला बांधली गेली. पुराव्याची निवड, माहिती प्रणालीचा वापर, इतर व्यावसायिकांबरोबर निर्णय, आणि प्रकल्प दुसऱ्याच्या हाती सोपवणे. दोन वर्षांत नोकरी सांभाळून पाचाहून जास्त उद्दिष्टांचे खरे पुरावे गोळा होत नाहीत. मग विद्यार्थी फाइल भरू लागतात.

सुरुवातीची स्थिती मोजताना

युनिट २० खाटांचे. महिन्याला साधारण ५१० पेशंट-दिवस (एक पेशंट एक दिवस युनिटमध्ये म्हणजे एक), त्यात ४०० कॅथेटर-दिवस (एका पेशंटला एक दिवस कॅथेटर म्हणजे एक). म्हणजे वापराचे प्रमाण ०.७८, रोज सरासरी १३ पेशंटना कॅथेटर. रुग्णालयाच्या नोंदीत आधीच्या सहा महिन्यांत १४ कॉटी होत्या.

पहिले काम या चौदा नोंदी तपासण्याचे. सर्वेक्षणाची अमेरिकी व्याख्या सांगते: कॅथेटर सलग दोनपेक्षा जास्त कॅलेंडर दिवस जागेवर असावा, ताप किंवा ओटीपोटात दुखणे यासारखे लक्षण असावे, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त जिवाणूंची वाढ असावी आणि जंतूंचे प्रकार दोनपेक्षा जास्त नसावेत. कॅन्डिडासारखे यीस्ट, म्हणजे बुरशी, या व्याख्येत धरत नाहीत. चौदापैकी दोन नोंदी निव्वळ कॅन्डिडाच्या निघाल्या. एका पेशंटला ना ताप होता ना कुठलेही लक्षण, आणि त्याचा नमुना थेट युरोबॅगमधून घेतलेला होता. बॅगमधली लघवी तासन्‌तास साचलेली असते, त्यातली वाढ मूत्राशयाबद्दल काही सांगत नाही. नमुना घ्यायचा तो नळीवरचा सॅम्पलिंग पोर्ट स्पिरिटने पुसून, सिरिंजने ओढून. तीन नोंदी वगळून ११ उरल्या. सहा महिन्यांचे २४०० कॅथेटर-दिवस धरले तर दर हजारी ४.५८. व्याख्या नीट लावण्याआधी हाच दर ५.८३ दिसत होता. सुधारणा सुरू करण्याआधी हा हिशेब केला नसता, तर नुसत्या नोंदीच्या शिस्तीने पुढे दर घसरला असता आणि श्रेय प्रकल्पाला गेले असते.

दुसरे काम निगेचे ऑडिट. चेकलिस्टवर अनुपालन रोज १०० टक्के होते. विद्यार्थिनीने आठवड्यातले तीन दिवस, दर वेळी वेगळी पाळी निवडून, त्या वेळी कॅथेटर असलेल्या सगळ्या पेशंटजवळ उभे राहून पाहिले. आठवड्याला साधारण ३९ निरीक्षणे. पाच गोष्टी: कारण लिहिलेले आहे का, कॅथेटर मांडीला चिकटवून पक्का केला आहे का, जोड कुठे सुटलेला नाही ना, बॅग मूत्राशयाखाली आणि जमिनीला न टेकता आहे का, आजच्या आढाव्याची नोंद आहे का. पाचही असतील तरच एक गुण. बारा आठवड्यांचा मध्यक आला ४१ टक्के.

चेकलिस्टमध्ये १०० आणि खाटेजवळ ४१, हा फरक कामचुकारपणातून आलेला नव्हता. चेकलिस्ट इनपुट-आउटपुट चार्टच्या मागच्या बाजूला छापलेली होती, आणि ती पाळी संपताना, ओव्हर देण्याच्या (पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवण्याच्या) आधीच्या अर्ध्या तासात, सर्व पेशंटची एकदम भरली जायची. शिवाय सरासरीही फसवते. पाचही गोष्टी सुट्या सुट्या ९० टक्के होत असल्या, तरी एका पेशंटला पाचही मिळण्याचे प्रमाण ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्केच भरते. «आमचे ९० टक्के आहे» म्हणणाऱ्या युनिटमध्ये दर पाचांतल्या दोन पेशंटना काहीतरी कमी पडते आहे.

उद्दिष्टाच्या भाषेत सांगायचे तर विद्यार्थिनीने «डेटा गोळा केला» याला गुण नाहीत. तिने चेकलिस्ट आणि निरीक्षण यांतल्या फरकाचे कारण शोधले, त्याला गुण आहेत.

स्थायी सूचना: खरा अडसर

राउंडवरचा हा संवाद दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या आयसीयूत होतो. (आउटपुट म्हणजे लघवीचे मोजमाप, नॉरअॅड म्हणजे रक्तदाब वाढवणारे औषध.)

«सर, सात नंबरचा आज पाचवा दिवस. कॅथेटर काढूया का?»
«राहू द्या हो सिस्टर, आउटपुट बघायचंय.»
«सर, परवापासून नॉरअॅड बंद आहे. तासाला आउटपुट बघायची ऑर्डर पण नाहीये.»
«बरं, संध्याकाळी बघू.»

संध्याकाळी रजिस्ट्रार, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, बदललेला असतो. कॅथेटर सहाव्या दिवसात जातो. कोणाचीच चूक नाही आणि निर्णय कोणाचाच नाही. म्हणून काढण्याचा निर्णय ऑर्डरवर न ठेवता निकषांवर ठेवायचा, म्हणजे स्थायी सूचना. निकष पूर्ण होत असतील तर सिस्टर काढेल. ठेवायचा असेल तर डॉक्टरांनी कारण लिहायचे. नेहमीची पद्धत उलटी करणारी ही एक ओळ मंजूर करून घेणे, हे या प्रकल्पातले सर्वांत डॉक्टरेट पातळीचे काम होते. त्यात पुरावा आहे, धोरण आहे, सत्तेचे गणित आहे.

कॅथेटर ठेवण्याची कारणे अमेरिकेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहेत: लघवी अडणे, अत्यवस्थ पेशंटमध्ये लघवीचे अचूक मोजमाप, काही ठरावीक शस्त्रक्रिया, लघवीवर ताबा नसलेल्या पेशंटच्या माकडहाडाजवळच्या किंवा गुप्तांगाजवळच्या उघड्या जखमेला लघवीपासून वाचवणे, दीर्घकाळ हालचाल न करता ठेवावे लागणे, अखेरच्या काळातली सोय. आयसीयूत यातले दुसरे कारण सगळ्यांना लागू करता येते, तिथेच सूचना पोकळ होते. सूचना मंजूर करणाऱ्या समितीत तीन बैठका याच एका शब्दावर गेल्या. शेवटी ठरले की मोजमाप «अचूक हवे» म्हणजे रक्तदाब वाढवणारे औषध चालू असणे किंवा थांबून २४ तास न होणे, किंवा तासागणिक आउटपुट पाहून उपचार बदलण्याची लेखी ऑर्डर असणे. दुसरे काही नाही. हा या युनिटचा निर्णय आहे. दुसऱ्या युनिटने आपल्या पेशंटप्रमाणे तो स्वतः घ्यावा, नक्कल करू नये.

काढल्यानंतरचा भाग लिहायला बहुतेक प्रोटोकॉल विसरतात. इथे असा लिहिला: सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगले तर युनिटमधल्या सोनोग्राफी मशीनने मूत्राशय पाहायचा, ४०० मिलिपेक्षा जास्त साचले असेल तर डॉक्टरांना कळवून एकदाच कॅथेटर घालून रिकामा करायचा, लगेच फोलीज (आत राहणारा कॅथेटर) परत ठेवायचा नाही. पुरुष पेशंटला कंडोम कॅथेटर, म्हणजे बाहेरून लावायचा. स्त्री पेशंटला डायपर, आणि आउटपुट हवेच असेल तर डायपर वजन करून: भरलेल्यातून कोरड्याचे वजन वजा, एक ग्रॅमला एक मिलि. यासाठी डिजिटल वजनकाटा युनिटमध्ये आणून ठेवला. तो येईपर्यंत सूचना मंजूर असूनही स्त्री पेशंटचे कॅथेटर निघत नव्हते. नुसत्या कागदाने काम चालू झाले नाही, वजनकाट्याने झाले.

रात्रपाळीचा विरोध खरा होता. कॅथेटर काढला की डायपर बदलणे, पेशंट कुशीवर वळवणे, चादर बदलणे आले. रात्री एका सिस्टरकडे दोनाऐवजी तीन पेशंट असतात आणि मावशी अख्ख्या मजल्याला एक. मेट्रनबरोबर बसून रात्री युनिटला एक मावशी स्वतंत्र दिली गेली आणि पहाटे चारच्या पोझिशन बदलण्याच्या फेरीतच डायपर पाहायचे ठरले. मावशींना वेगळे सत्र झाले, अर्ध्या तासाचे, मराठीत, खाटेशेजारी: बॅग कशी रिकामी करायची, नळी भांड्याला का टेकू द्यायची नाही, हलवताना बॅग कुठे लटकवायची. दोन ट्रॉलींना हुकही बसले. खर्च नगण्य, फरक मोठा.

आकडे काय म्हणाले

अनुपालनाचा रन चार्ट पहिल्या चार आठवड्यांत फारसा हलला नाही. कॅथेटरवर तारखेचे स्टिकर लावायची पहिली कल्पना सकाळच्या पाळीत चालली, रात्री नाही. चेकलिस्ट चार्टच्या मागून काढून ओव्हरच्या कागदात एका ओळीत आणली, तेव्हा रेघ वर सरकली. मध्यकाच्या वर सलग सहा बिंदू आले की बदल योगायोगाने झालेला नाही असे धरतात. ते दहाव्या आठवड्यात झाले. जुलैतल्या मुसळधार पावसाच्या दोन आठवड्यांत आकडा कोसळला. ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली, डोंबिवली-कल्याणहून येणारा स्टाफ अडकला, उरलेल्यांनी डबल ड्युटी केली. हे बिंदू चार्टवरून काढले नाहीत, त्यांच्या शेजारी कारण लिहिले. पुसून टाकले असते तर मनुष्यबळ कमी झाल्यावर व्यवस्था कुठे तुटते हे कळलेच नसते.

नंतरच्या सहा महिन्यांत पेशंट-दिवस तेवढेच, ३०६०. वापराचे प्रमाण ०.७८ वरून ०.६१ वर आले, म्हणजे कॅथेटर-दिवस सुमारे १८६७. कॉटी ९. आता दर काढा: ९ भागिले १८६७, हजारी ४.८२. आधीचा ४.५८. दर वाढला.

व्यवस्थापनाच्या बैठकीत नेमका हा आकडा पडद्यावर आला आणि प्रकल्प फसला असे वाटू लागले. विद्यार्थिनीने तिथे जे समजावले त्यावरच तिच्या उद्दिष्टाचे मूल्यमापन झाले. ज्यांना गरज नव्हती त्यांचे कॅथेटर निघाले. राहिलेले पेशंट जास्त आजारी, जास्त दिवस कॅथेटर लागणारे. छेद लहान झाला आणि त्यात धोका एकवटला. म्हणून सोबत पेशंट-दिवसांवरचा दर ठेवायचा: आधी हजारी ३.५९, आता २.९४. शिवाय तिने हेही सांगितले की ११ वरून ९ हा फरक इतक्या छोट्या आकड्यांत योगायोगानेही होऊ शकतो, त्यावर यशाचा दावा करता येत नाही. ठामपणे सांगता येते ते इतकेच: सुमारे ५३० कॅथेटर-दिवस वाचले, आणि कॅथेटर नसलेल्या पेशंटला कॅथेटरचा संसर्ग होत नाही.

उद्दिष्टात «५० टक्के घट» लिहिली असती तर काय झाले असते याचा विचार इथे करावा. चांगले काम करून विद्यार्थिनी नापास झाली असती. त्याहून वाईट म्हणजे, आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग युनिटला सुचला असता: ताप आला तरी लघवीचे कल्चर कमी पाठवायचे. कल्चर नाही तर कॉटी नाही. आकड्याचे लक्ष्य विद्यार्थ्याच्या गुणांना बांधले की पेशंटच्या निदानावर दबाव येतो, हे कार्यक्रम आखणाऱ्यांनी कधीही विसरू नये. म्हणून दर महिन्याला पाठवलेल्या कल्चरची संख्याही चार्टमध्ये ठेवली. आणखी दोन समतोल मोजमापे (सुधारणेने दुसरीकडे नुकसान होत नाही ना हे पाहणारी) होती: काढल्यावर ४८ तासांत परत घालावा लागलेला कॅथेटर, आणि ओलाव्यामुळे सोललेली त्वचा. पहिले स्थिर राहिले. दुसरे दोन महिने वाढले आणि बॅरिअर क्रीम प्रत्येक खाटेजवळ ठेवल्यावर उतरले.

तास, परवानगी आणि वही

प्रॅक्टिसचे ५०४ तास ठरले, आठवड्याला ६ याप्रमाणे ८४ आठवडे. नेहमीची ड्युटी यात धरायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लिहून द्यावा लागतो. नाहीतर वर्षअखेर वहीत «मॉर्निंग ड्युटी, ८ तास» अशा ओळी भरलेल्या सापडतात. प्रत्येक नोंदीत उद्दिष्टाचा क्रमांक, घेतलेला निर्णय आणि त्यातून निघालेली वस्तू (इतिवृत्त, चार्ट, मसुदा) हवी. किमान ६० तास रात्रीचे. वर्ग दुपारी दोनला ठेवले. सकाळी आठला नाइट संपवून पनवेल-ठाणे करणाऱ्या सिस्टरला नऊच्या वर्गात बसवून काही शिकवता येत नाही.

संस्थात्मक नैतिकता समितीकडे प्रस्ताव सुरुवातीलाच गेला. हे गुणवत्ता सुधारणेचे काम आहे, संशोधन नाही, हे ठरवण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा किंवा मार्गदर्शकाचा नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पुनरावलोकनातून सूट देण्याची तरतूद आहे, पण ती सूट समितीने लेखी द्यायची असते.

शेवटचे मूल्यमापन

पाचपैकी चार उद्दिष्टे पूर्ण ठरली. पाचवे, प्रकल्प दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचे, अपुरे राहिले. विद्यार्थिनी ऑडिटमधून बाहेर पडल्यावर तीन महिन्यांनी अनुपालन ७८ वरून ६१ टक्क्यांवर आले. कारण शोधताना दिसले की नव्या इन्टेन्सिव्हिस्टना (आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) स्थायी सूचना कोणी दाखवलीच नव्हती, आणि साप्ताहिक निरीक्षण इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरच्या कामाच्या यादीत तोंडी होते, लेखी नाही. परीक्षकांनी उद्दिष्ट नापास न करता तीन महिन्यांची मुदत दिली. त्या काळात दोन गोष्टी झाल्या: सूचना नव्या डॉक्टरांच्या रुजू होण्याच्या फाइलमध्ये घातली गेली, आणि इन्चार्ज सिस्टरच्या कामाच्या वर्णनात महिन्याला दोन निरीक्षणे लेखी आली.

पुढच्या तुकडीसाठी पाचव्या उद्दिष्टाचे शब्द बदलले: «चौदाव्या महिन्यापर्यंत विद्यार्थिनी मोजमापाची जबाबदारी नाव आणि पद लिहून दुसऱ्या व्यक्तीकडे देईल, आणि पुढचे चार महिने त्या मोजमापाला हात लावणार नाही.» खाली तीन सह्या: विद्यार्थिनी, जबाबदारी घेणारी सिस्टर, आणि मेट्रन.